पहिली कळी खुडणाऱ्या बाई

मी भांडून मिळवलेली जागा बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत, एका वाक्यात देऊन टाकली. त्याला आता वर्ष होत आलं. लोक म्हणतात, जागा त्यांची, दिली त्यांनी, तुझं काय गेलं? माझं भांडण गेलं. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी भांडले नव्हते.

माझं नारायण पेठेत फुलांचं दुकान आहे. त्याच दुकानासमोर मी एके काळी गजऱ्यांची पाटी घेऊन बसायचे. आता लग्नाचे मांडव सजवते. भावात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मार्केट यार्डातले आडते म्हणतात. माझ्या तोंडाबद्दलही ते काही म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

बाई राहायच्या कर्वेनगरला, एका जुन्या तीन मजली सोसायटीच्या तळमजल्यावर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या. त्यांच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीची एक पट्टी होती. तिच्यावर जाळी ताणून त्या लिसिएंथस लावायच्या. हे फूल लांबून गुलाबासारखं दिसतं. जवळ गेलं की कळतं, पाकळी पतंगाच्या कागदाइतकी पातळ आहे आणि दांड्याला काटा नाही. आणि पाण्यात ठेवलं की ते टिकतं. किती टिकतं, त्यावरूनच आमची ओळख झाली.

एक गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं, "आमच्या खालच्या बाईंनी महिन्याच्या सुरुवातीला फुलं दिली होती, ती अजून ताठ आहेत. तुमची चौथ्या दिवशी मान का टाकतात हो?" मला राग आला. मी त्याच दुपारी पत्ता विचारून कर्वेनगर गाठलं. फुलं बघायला नव्हे, खोटं पकडायला.

मागच्या फाटकावर पाटी होती. 'फुलांना हात लावण्यापूर्वी हात धुवावेत. धुतल्यानंतरही लावू नयेत.' खाली खरोखरच बादली, तांब्या आणि साबणाची वडी होती. मी हात न धुता आत गेले. आतून आवाज आला, "आपण परत जा, हात धुवा आणि मग पहिल्यांदा आत या."

बाई समोर उभ्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पिन, मनगटात घड्याळ, पायात बंद बूट. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असतील, पण वाफ्यात उतरताना त्या कचेरीत निघाल्यासारख्याच तयार व्हायच्या. हातात चहाची ॲल्युमिनियमची किटली. किटलीने त्या झाडांना पाणी घालत होत्या, प्रत्येकाच्या बुंध्याशी, पानावर थेंब न पडू देता. पानावर पाणी राहिलं तर बुरशी येते, हे मलाही ठाऊक आहे. पण शेकडो झाडांना किटलीने पाणी घालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"लिसी कितीला देता?" मी विचारलं. बाजारात आम्ही लिसीच म्हणतो.

"पूर्ण नाव घ्या. आपल्याला कोणी अर्ध्या नावाने हाक मारली तर चालेल?"

पूर्ण नाव घेतलं. त्यांनी भाव सांगितला आणि म्हणाल्या, "दहा जुड्या देईन."

"भावात जरा बघा की बाई."

"नऊ."

मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येतं. "मी भावाचं म्हणतेय."

"मीही त्याचंच म्हणतेय. आठ."

"अहो, असं कुठे असतं?"

"सात."

मी सात जुड्या घेऊन बाहेर पडले. रिक्षात बसेपर्यंत काय झालं ते मला कळलं नाही. जन्मभर मी बोलून कमावलेलं आहे. माझं बोलणं माझ्याच अंगावर उलटवणारी ही एकच बाई भेटली. पुढच्या वर्षांत मी तिथे गप्प बसायला शिकले. तरी कधी कधी जीभ वळवळायची आणि एक जुडी जायची.

बियाणं पेरायचा काळ पावसाळा संपत येतानाचा. लिसिएंथसचं बी म्हणजे धूळ. बाई ओल्या काडीच्या टोकाने एकेक कण उचलून कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, ठेवायच्या. तो झाकायचा नाही, कारण त्याला उजेड लागतो. पंखा बंद, खिडक्या बंद, मला शिंक आली तर बाहेर जायचा हुकूम. हे ट्रे ठेवायला घरातली सगळ्यांत थंड खोली हवी, म्हणून ते बेडरूममध्ये, पलंगावर. बाई स्वतः महिनोन्‌महिने हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायच्या. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातच थबकले. पलंगावर स्वच्छ चादर, चादरीवर ट्रे, ट्रेमध्ये डोळ्यांना न दिसणारी रोपं, आणि उशी जमिनीवर.

"बाई, तुम्ही पाहुण्यांना कुठे झोपवता?"

"हेच पाहुणे आहेत."

एवढं जपण्याचं कारण होतं. लहान वयात या रोपाला उष्णता लागली की ते बसतं. म्हणजे मरत नाही, पण पानांचं चक्र करून जमिनीला चिकटून राहतं, दांडा वर काढत नाही. मग कितीही लाड करा. बाई माणसांनाही हीच फूटपट्टी लावायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी कधी काही बोलले की ते गेल्यावर म्हणायच्या, "लहानपणी ऊन लागलेलं आहे. आता वर येणार नाहीत." मी फुटपाथवर वाढले, हे त्यांना माहीत होतं. एकदा किटली खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आपण बसला नाहीत, याचं मला नवल वाटतं." त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक. त्याच दिवशी माझी एक जुडी कापली, तेही सांगायला हवं.

आता त्या लग्नाचं सांगते. त्याचा सल वेगळा आहे.

हडपसरच्या एका मोठ्या घरातलं लग्न मला मिळालं होतं. मुलीला सगळा मांडव पांढऱ्या लिसिएंथसचा हवा होता. मी बाईंच्या वाफ्यात जाऊन पाहिलं. झाडाझाडावर मधोमध टपोरी कळी आलेली, रंग धरलेला. फुलांच्या धंद्यात डोळ्यांना अंदाज असतो. मी हिशोब बांधला की लग्नाला ही बरोब्बर उमलतील. बाईंना म्हटलं, या खेपेला सगळी मला. त्या म्हणाल्या, "तयार झाली की घेऊन जा." मी मुलीच्या वडिलांना शब्द दिला.

लग्नाच्या आठवड्यात गेले तर बाई वाफ्यात वाकलेल्या. हातात छोटी कात्री. झाडाशी थांबायचं, मधली टपोरी कळी धरायची, कट. पुढचं झाड. कट. अर्ध्याहून जास्त वाफा झाला होता. मी तिथेच विटेवर बसले.

"बाई, हे काय करताय?"

"पहिली कळी खुडतेय. दर वर्षी खुडते."

"अहो, माझं लग्न आहे."

"आपलं झालेलं आहे असं ऐकलं होतं."

मग शांतपणे सांगितलं. पहिली कळी एकटीच आधी उमलते. तिला ठेवलं की झाड सगळा जीव तिच्यात घालतं, आणि बाजूच्या फांद्यांवरच्या कळ्या मागेपुढे, वाटेल तेव्हा फुलतात. ती काढली की मागच्या सगळ्या एकदम येतात आणि एका दांड्यावर गुच्छ मिळतो. "आपण जी फुलं इतकी वर्षं नेलीत, ती सगळी दुसऱ्या फेरीची होती. पहिलं कधी नेलंच नाहीत. वाटलं, आपल्याला ठाऊक असेल. फुलांच्या धंद्यात आहात."

मी काय काय बोलले ते आठवत नाही. वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीत आले, एवढं आठवतं. बाई ऐकत राहिल्या आणि कात्री चालवत राहिल्या. खुडलेल्या कळ्या त्यांनी पितळी वाडग्यात पाण्यावर ठेवल्या आणि वाडगा हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर नेऊन ठेवला. नेहमी तिथेच ठेवायच्या. न उमललेल्या, हिरव्या-पांढऱ्या कळ्या. मी विचारलं, उमललेलं फूल का नाही वाहत? म्हणाल्या, "उमललेलं आपण नेता."

लग्नाला मी जरबेरा आणि निशिगंधावर भागवलं. मुलीच्या वडिलांनी नंतर माझ्याकडे कधी काम दिलं नाही.

तरीही मी बाईंकडे जात राहिले. का, असं मला बरेच जण विचारतात. तसं फूल दुसरीकडे नव्हतं, हे एक. आणि वर्षभर जिच्यावर चिडता येतं अशी बाईही दुसरीकडे नव्हती.

मग सोसायटीचा पुनर्विकास निघाला. जुनी इमारत पाडून टॉवर, तळघरात पार्किंग, आणि मुख्य म्हणजे लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावर नाना म्हणून एक वृद्ध राहायचे. गुडघे गेल्यापासून ते खाली उतरलेच नव्हते. गॅलरीतून दोरीला बांधलेली परडी सोडायचे. बाई तिच्यात लिसिएंथसची एक दांडी ठेवायच्या आणि नाना ती वर ओढायचे. दोघांचं बोलणं एवढंच. "आली का?" "आली." मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वेड लागल्यासारखी वर बघत राहिले होते, कारण माझ्याकडून त्या परडीच्या फुलाचेही पैसे घेतले असते.

सगळ्यांनी संमतीच्या सह्या केल्या. बाईंनी केली नाही. नव्या नकाशात त्यांच्या पट्टीवरून गाड्यांचा उतार जाणार होता. सेक्रेटरींनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली, 'मागील बाजूचे अतिक्रमण दूर करण्यात येईल.' अतिक्रमण. सोसायटी झाली तेव्हा मागच्या उकिरड्याकडे कोणी बघत नव्हतं. बाईंनी तो उपसला, माती आणून टाकली, आणि तेव्हाच्या सभेने ती पट्टी त्यांच्याकडे राहील असं तोंडी कबूल केलं. तोंडी.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानात आल्या. नारायण पेठेत, माझ्या दुकानात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी गल्ल्यावरून उठून उभी राहिले. त्यांनी दारातच विचारलं, "हात कुठे धुवू?" मग आत येऊन म्हणाल्या, "आपण भांडता चांगलं. माझ्या वतीने भांडाल?"

मला हसावं की रडावं कळेना. जिने मला तोंड उघडायला बंदी केली, ती माझं तोंड मागायला आली होती.

सभा त्यांच्याच हॉलमध्ये झाली. सेक्रेटरी, बिल्डरचा एक तरुण माणूस, काही सभासद, बाई आणि मी. बेडरूमचं दार बंद होतं. पलंग नुकताच रिकामा झालेला, रोपं वाफ्यात गेलेली.

"मॅम, ॲक्च्युअली प्लॅन फायनल आहे," तो तरुण मला म्हणाला. "रॅम्प मागूनच येणार. टेक्निकली दुसरा ऑप्शन नाही."

"तुझं टेक्निकली जरा इकडे फिरव." मी त्याच्या हातातला टॅब घेतला. "मागून गाडी आत आली की वळणार कुठे? या भिंतीशी?"

"टर्निंग रेडियस बसतो मॅम."

"कागदावर बसतो. मी मांडवाचे ट्रक गल्लीबोळांत वळवत आले आहे. मागची गल्ली अरुंद, वर समोरच्यांच्या गाड्या लागलेल्या. तुझ्या टॉवरमधली पहिलीच मोठी गाडी इथे अडकणार. पुढून, जिथे तू जनरेटर दाखवलायस, तिथून उतार घे. रस्ता रुंद आहे, वळण नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "तिथे व्हिजिटर पार्किंग आहे. आणि या ताई कोण? सभासद आहेत का?"

"मी यांच्याकडून फुलं घेते. तुम्ही काय घेता?"

सभासदांत कोणीतरी हसलं. तिथून मी जी सुटले ती सुटलेच. जुन्या सभेला हजर असलेल्या दोघांना उभं करून विचारलं, पट्टी कोणाला दिली होती? ते चुळबुळले, पण दिली होती म्हणाले. मी दोनदा चप्पल घालून निघाले, दोनदा मला परत बोलावलं. चहा आला, गार झाला. तो तरुण कोणाशी तरी फोनवर बोलायला बाहेर गेला आणि परत आल्यावर म्हणाला, "ओके मॅम. रॅम्प पुढे घेऊ. मागची पट्टी मॅडमच्या नावाने, गार्डन म्हणून, ॲग्रीमेंटमध्ये टाकतो."

सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने फळ्यावरची सूचना काढायचं कबूल केलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"फक्त नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागेल," तरुण म्हणाला. "कॉर्पोरेशनचं काम. वर्ष जाईल. जास्तही."

बाई उठल्या, मागच्या दारापाशी गेल्या आणि वर बघितलं. नानांच्या गॅलरीतून परडी लटकत होती.

"म्हणजे पट्टी माझी, हे सगळ्यांना मान्य आहे?" त्यांनी विचारलं.

"मान्य आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग मी ती सोसायटीला दिली. उतार मागूनच घ्या. आत्ता रोपं वाफ्यात आहेत, तेवढी फुलेपर्यंत थांबा. कुठे सही करू?"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. खोलीत सगळे थक्क झाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. मी एकटी मूर्खासारखी टॅब हातात धरून उभी होते. लोक गेल्यावर माझा भडका उडाला.

"बाई, द्यायचीच होती तर मला भांडायला कशाला बोलावलंत?"

"काल ते माझ्याकडून काढून घेत होते. आज मी दिली. आपल्याला यात काही फरक दिसत नाही?"

"मला नुकसान दिसतं."

"आमच्या घरातून पुष्कळ काढून घेतलं गेलंय," बाई म्हणाल्या. "द्यायला मिळालं ते पहिल्यांदाच. आपल्यामुळे मिळालं." आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या.

मी आभाराच्या शब्दावर बोळवण होणारी बाई नाही. मी तणतणत निघून गेले आणि बरेच दिवस फिरकले नाही.

थंडी ओसरताना गेले. बादली होती, साबणही. हात धुतले, जाळी बाजूला केली आणि जागच्या जागी थांबले. वाफाभर, प्रत्येक झाडावर मधोमध, एकेकच फूल उमललेलं होतं. मी ओळखते ती लिसिएंथस नव्हेच अशी मोठी, तळहाताएवढी, पांढरी. बाजूच्या कळ्या त्यांच्याभोवती अजून हिरव्या, मुठी आवळलेल्या. बाई विटेवर बसल्या होत्या. हातात किटली नव्हती, कात्रीही नव्हती.

"बाई, कळ्या खुडायच्या राहिल्या?"

"राहिल्या नाहीत. ठेवल्या."

"पण मग मागची एकदम येणार नाहीत. जुडी बांधता येणार नाही."

"नाही येणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं लावतेय. पहिलं फूल कसं दिसतं, ते मी पाहिलंच नव्हतं."

मी दुसऱ्या विटेवर बसले आणि आम्ही दोघी बघत राहिलो.

मग त्या उठल्या, घरातून कात्री आणली आणि एका झाडाचं तेवढं मधलं फूल कापलं. त्याचा देठ जेमतेम बोटभर निघाला. एक परडीत ठेवलं. "आली का?" वरून आवाज आला. "आली." दुसरं कापलं आणि माझ्यापुढे धरलं.

"बोटभर देठाचं कोण घेणार?" मी म्हटलं. "हे विकता येत नाही."

"म्हणून तर आपल्याला देतेय."

बाकीच्या कळ्या पुढे एकेक करून, मनाला येईल तेव्हा उमलल्या. बाईंनी त्या इमारतीत घरोघरी वाटल्या. मग पोकलेन आलं. बाई भाच्याकडे हडपसरला गेल्या, सातव्या मजल्यावर. त्यांचा फोन येत नाही, मीही करत नाही. मी अजून रागावलेली आहे.

ते फूल मी दुकानात गल्ल्याशेजारी पाण्याच्या वाटीत ठेवलं होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याचाच भाव विचारायचं. एकाला मी सांगितलं, ते विकायचं नाही. तो म्हणाला, "अहो ताई, दुकानात ठेवलंय म्हणजे विकायचंच असणार. सांगा तर खरं." त्याने पुन्हा विचारलं, मग वाढवून विचारलं. मी त्याला दुकानाबाहेर काढलं.